इंदूरच्या गणेशोत्सवासाठी भावगीताचा ट्रॅक करतोय; सॅम्पल व्हायोलिन्सचे स्वर तुटक येतात. लेगाटो, म्हणजे स्वर न तोडता जोडून वाजवणं, कसा जमवू?

पॅच (लायब्ररीतला तयार आवाज) सस्टेनचा, म्हणजे सुट्या लांब स्वरांचा, नसून खऱ्या लेगाटोचा घ्या आणि प्रत्येक नोट पुढच्या नोटेवर 30 ते 60 मिलिसेकंद चढवा. अशा पॅचमध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर जाणं वेगळं रेकॉर्ड केलेलं असतं. पहिली पट्टी सुटण्याआधी दुसरी लागली तरच सॅम्पलर ते वाजवतो. फट राहिली की गज नव्याने लागतो, तोच तुटकपणा. या संक्रमणाला वेळ लागतो, त्यामुळे क्वांटाइझ केलेली, म्हणजे तालाच्या ग्रिडवर नेमकी बसवलेली ओळ तबल्याच्या मागे पडते. नोटा ग्रिडच्या आधी सरकवा: 100 मिलिसेकंदांपासून सुरुवात करा, पुढे कानाने ठरवा. पॅच बहुधा मोनोफोनिक असतो, एका वेळी एकच स्वर वाजवतो, म्हणून कॉर्ड न वाजवता प्रत्येक आवाजाला वेगळा ट्रॅक द्या.

सर्वांत जास्त मेहनत सीसी1 वर, म्हणजे बहुतेक लायब्ररींत आवाजाचा जोर ठरवणाऱ्या मिडी कंट्रोलवर घ्या. नोटेगणिक टेकड्या नकोत. पूर्ण ओळीला एकच चढ-उतार, तोही मॉड्युलेशन व्हील हाताने फिरवून. सरळ रेषेत ठेवलेला सीसी1 उत्तम लायब्ररीलाही हार्मोनियमसारखं करून टाकतो.

मात्र व्हेलॉसिटीचं (पट्टी किती जोरात दाबली त्याचं) काम लायब्ररीनुसार बदलतं: अनेकांत ती संक्रमणाचा वेग ठरवते, काहींत कमी व्हेलॉसिटीला पोर्टामेंटो (स्वरावरून स्वरावर घसरत जाणं) लागतो. मॅन्युअल बघाच. लांब मींड मात्र त्यातून निघत नाही. तिथे वर एक खरं व्हायोलिन रेकॉर्ड करा.