हायड्रोसीलचं पाणी काढलं, आत पू झाला: डॉक्टरवर केस करायची का?

भांडुपच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. वडील ६१ वर्षांचे, शुगर आहे, हायड्रोसील (अंडकोषाभोवती पाणी साचणं) जुनंच. जवळच्या दवाखान्यात सोनोग्राफी न करता सुईने पाणी काढलं, दोन-तीन दिवसांत सूज, लाली, थंडी वाजून ताप, परत गेले तर त्याच गोळ्या पुढे चालू ठेवा म्हणाले, शेवटी हॉस्पिटलात सोनोग्राफीत पू दिसला आणि एक अंडकोष काढावा लागला. पॉलिसी १४ महिन्यांची, क्लेम नाकारला. पोलीस केस करू का?

हे बघा, राग समजतो, पण पोलीस स्टेशन नको. सुप्रीम कोर्टाने २००५ साली जेकब मॅथ्यू खटल्यात सांगितलंय की फौजदारीसाठी निष्काळजीपणा फार ढोबळ, अगदी उघड असावा लागतो आणि पोलिसांनी आधी दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायला हवं. तुमचं काम ग्राहक आयोगात.

तिथेही 'सुई टोचली म्हणून पू झाला' एवढ्यावर केस उभी राहत नाही. पाणी काढल्यावर इन्फेक्शन होऊ शकतं, तो माहितीतला धोका आहे, त्यांचा वकील पहिलं हेच बोलणार. तुमचा खरा मुद्दा पुढचा आहे: शुगरचा पेशंट ताप आणि लाल सूज घेऊन परत आलाय, तेव्हा सोनोग्राफी का नाही, सर्जनकडे का नाही पाठवलं? पू झाला की तो बाहेर काढावा लागतो, शिरेतून अँटिबायोटिक द्यावी लागतात, नुसत्या गोळ्यांवर बसून चालत नाही आणि उशीर झाला की अंडकोष वाचत नाही. हे तुम्ही म्हणून उपयोग नाही, एखाद्या युरॉलॉजिस्टकडून लेखी घ्या. आणि सुई टोचायच्या आधी धोके सांगितले होते का, सही घेतली होती का, तेही.

हॉस्पिटलकडे लेखी अर्ज करून सगळे पेपर मागा, ७२ तासांत द्यायचा नियम आहे. सोनोग्राफी, पू तपासल्याचा कल्चर रिपोर्ट, ऑपरेशन नोट्स, काढलेल्या अंडकोषाचा रिपोर्ट, सगळं. दवाखान्याने पावती दिली नसेलच (कोण देतं!), पण जीपेची एंट्री चालते. मुदत दोन वर्षं, उपनगरातल्यांचा जिल्हा आयोग वांद्रे पूर्वेला आहे.

आता क्लेम, आणि इथे खरं सांगते, तुमची बाजू लंगडी आहे. बहुतेक पॉलिसीत हायड्रोसील दोन वर्षांच्या वेटिंगच्या (तोपर्यंत त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) यादीत असतं, कंपनी म्हणणार इन्फेक्शन झालं तरी आजार तोच. जुनी पॉलिसी पोर्ट केली असेल, म्हणजे दुसऱ्या कंपनीतून इकडे आणली असेल, तर मात्र आधीची वर्षं धरली जातात, ते तपासा. आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लिहा, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर ठाण्याच्या विमा लोकपालाकडे जा (भांडुप त्यांच्याकडे येतं), फी नाही, वकीलही लागत नाही.

पण दोन्हीकडे वेगवेगळी गोष्ट सांगू नका. आयोगात 'वडिलांना वर्षानुवर्षं हायड्रोसील होतं, डॉक्टरला माहीत होतं' आणि कंपनीला 'नव्यानेच झालं' असं केलंत तर दोन्ही हातचं जाईल, हॉस्पिटलच्या केसपेपरवर हिस्ट्री लिहिलेली असतेच, ती बदलून घ्यायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका. त्यामुळे कंपनीला मेल करायच्या आधी प्रपोझल फॉर्मची (पॉलिसी घेताना भरलेल्या अर्जाची) कॉपी मागवा आणि हायड्रोसील, शुगर त्यात लिहिलं होतं का बघा, नसेल लिहिलं तर क्लेम सोडाच, अख्खी पॉलिसी धोक्यात येऊ शकते, मग आधी ती कॉपी घेऊन वकिलाकडे जा.