हवा नव्हे, मास्टर तपासा

प्रश्न : माझ्या जुन्या पिकअपमधून नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेतो. रिव्हर्स टाकताना गिअर करकरायचा. स्लेव्ह सिलिंडर (गिअरबॉक्सकडचा, तेलाच्या दाबाने क्लच सोडवणारा) ओला दिसला म्हणून घरीच नवा बसवला. मुलाला पेडलवर बसवून तीनदा हवा काढली. तरी क्लच दाबून उभा राहिलो की थोड्या वेळाने गाडी आपोआप पुढे सरकते. हवा राहिली असेल का?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : हवा असती तर पेडल पहिल्यापासून पोकळ लागलं असतं. दाबून धरल्यावर गाडी सरकते, म्हणजे दाब कुठूनतरी सुटतोय. स्लेव्ह आणि पाइपचे जोड कोरडे आहेत ना? मग मास्टरचे, म्हणजे पेडलने दाब तयार करणाऱ्या वरच्या सिलिंडरचे, वायसर (आतले रबरी सील) गेले समजा. पेडलच्या वर, मास्टरमध्ये दांडी शिरते तिथे बोट फिरवा. बोटाला तेल लागलं तर शंकाच नको, पण कोरडं निघालं तरी मास्टर ठीक आहे असं नाही. आतल्या आत तेल मागे जातं ते बाहेर दिसत नाही.

नवा मास्टर आधी शेगड्यात (व्हाइसमध्ये) आडवा धरून ब्रेक ऑइल भरा आणि बुडबुडे थांबेपर्यंत दांडी हळूहळू दाबा. ही पायरी गाळली की मग संध्याकाळपर्यंत पेडल मारत बसावं लागतं. गाडीवर चढवल्यावर स्लेव्हच्या निपलला (हवा काढायच्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून तिचं टोक तेलाच्या बाटलीत बुडवा. मुलाने पेडल दाबून धरायचं, तुम्ही निपल अर्धा आटा ढिला करून पुन्हा आवळायचा, आणि ‘सोड’ म्हटल्यावरच त्याने पाय उचलायचा.  निपल उघडा असताना पाय उचलला की हवा परत आत. मास्टरच्या टाकीतलं तेलही तळाला जाऊ देऊ नका. निघालेलं काळं तेल पुन्हा ओतू नका. ब्रेक ऑइल कोणत्या प्रकारचं, डॉट ३ की ४, ते टाकीच्या झाकणावर असतं. घरात आहे म्हणून इंजिन ऑइल ओतलंत तर नवे वायसर फुगून बसतील.

स्लेव्ह खोललेला असताना पेडलला कुणी हात लावायचा नाही. माझ्या उमेदवारीत मी लावला होता. पिस्टन उडून गाडीखाली गेला आणि तेल उस्तादांच्या अंगावर. बॉनेटवरही शिंतोडे पडले होते. लगेच पाण्याने धुतले नाहीत, तर चार दिवसांनी रंगाची सालपटं निघाली.

शेवटी मास्टरच्या दांडीला किंचित ढील ठेवा. ढील नसेल तर तेल टाकीत परतत नाही, क्लच अर्धवट दाबलेला राहतो आणि भरल्या गाडीला चढावर प्लेट जळते.