वाचक विचारतात : कोणाचा हंगाम मोठा?

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही डॉमिनिक हाशेकचा 1997-98चा हंगाम एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या बर्फावरच्या हॉकी लीगमधल्या कुठल्याही गोलरक्षकाचा सर्वांत भारी हंगाम ठरवून टाकलात. पण त्याची सेव्ह टक्केवारी, म्हणजे आलेल्या शंभर शॉटांपैकी अडवलेले, होती 93.2. टिम थॉमसने 2010-11 मध्ये 93.8 टक्के केले आणि लिनस उलमार्कने 2022-23 मध्ये पुन्हा तेवढेच. उलमार्कने सामन्यामागे दोन गोलसुद्धा खाल्ले नाहीत, 49 सामन्यांत 40 विजय मिळवले. या तिघांनाही सर्वोत्तम गोलरक्षकाची वेझिना ट्रॉफी मिळाली. मग जास्त टक्केवारीवाला लहान आणि कमीवाला मोठा, हे कसे? आणि 1987-88 मध्ये सामन्यामागे साडेतीनच्या आसपास गोल खाणाऱ्या ग्रँट फ्यूरला हाच पुरस्कार कुठल्या हिशेबाने दिला?

उत्तर : ‘ठरवून टाकलात’ हा टोला बरोबर लागला. मागच्या वेळी मी निकाल सांगितला आणि हिशेब वहीतच ठेवला. आता वही उघडतो.

मी मैदानी हॉकीत अकरा वर्षे गोलमध्ये उभा राहिलो. बर्फावर कधी नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे सारखीच: आपण किती गोल खाल्ले याची लोकांना आठवण राहते, किती फटके आले याची राहत नाही. म्हणून मी टक्केवारी उलटी करून बघतो. हजार शॉट आले तर किती आत गेले? आणि त्याच वर्षी लीगमधल्या सरासरी गोलरक्षकाने त्याच हजारांत किती खाल्ले असते?

उलमार्कचे हजारामागे 62, त्या वर्षीची लीगची सरासरी सुमारे 96. म्हणजे 34 गोल वाचवले. थॉमसचेही 62, पण त्याच्या वर्षी सरासरी सुमारे 87 होती, म्हणून वाचले 25. टक्केवारी तीच, पण थॉमसच्या काळात सगळेच गोलरक्षक चांगले अडवत होते, त्यामुळे त्याचा उठाव कमी. हाशेकचे 68 आणि सरासरी 94, म्हणजे 26. इथपर्यंत तुमचे म्हणणे खरे आहे. उलमार्क सरळ पुढे आहे, आणि मी मागच्या वेळी हे लिहायला हवे होते.

पण हा झाला भाव. आता वजन. उलमार्कवर त्या हंगामात चौदाशेच्या थोडे वर शॉट आले. हाशेकवर आले 2149. हजारामागची बचत एकूण शॉटांना लावा: उलमार्कने सरासरी गोलरक्षकापेक्षा साधारण 49 गोल वाचवले, हाशेकने 55. थॉमस 45च्या जवळ येतो. सहा गोलांचा फरक काही फार नाही, लीगची सरासरी टक्क्याच्या एक दशांशाने इकडेतिकडे झाली तरी तो हलतो. नुसत्या या आकड्यावर मी हाशेकला वर ठेवणार नाही.

मी त्याला वर ठेवतो ते बाकड्यावर बसलेल्या माणसामुळे. ही माझी जुनी कसोटी आहे आणि तिच्यावरून माझी मित्रांशी भांडणेही झाली आहेत. गोलरक्षक खरेच एवढा चांगला होता की संघच त्याच्यापुढे भिंत होऊन उभा होता, हे कळायला त्याच संघाच्या दुसऱ्या गोलरक्षकाकडे बघायचे. उलमार्कच्या बॉस्टनने 2022-23 मध्ये 65 सामने जिंकून लीगचा विक्रम केला. उलमार्कचा जोडीदार जेरेमी स्वेमन याने त्याच भिंतीमागे उभे राहून 92 टक्के केले, म्हणजे लीगच्या सरासरीच्या बऱ्याच वर. आता हाशेकचा संघ, बफेलो. 1997-98 मध्ये हाशेक नसेल तेव्हा तिथे स्टीव्ह शील्ड्स उभा राहायचा. त्याची टक्केवारी 91च्या आसपास, म्हणजे जवळजवळ सरासरीइतकीच. बफेलोची बचावफळी कुणालाही मोठा करणारी नव्हती. तिच्यामागे हाशेक 72 सामने खेळला, 13 शटआऊट केले (म्हणजे एकही गोल न खाता संपवलेले सामने), त्यांतले 6 एकट्या डिसेंबरात. (स्वेमन मुळातच चांगला असेल, असे तुम्ही म्हणाल. म्हणा. कसोटी कच्ची आहे हे मला माहीत आहे, पण दुसरी याहून कच्ची आहे.)

त्याच फेब्रुवारीत नागानोच्या ऑलिम्पिकमध्ये हाशेकने उपांत्य सामन्याच्या शूटआऊटमध्ये, म्हणजे बरोबरीनंतर एकेकट्या नेमबाजाने गोलरक्षकासमोर येण्याच्या फेरीत, कॅनडाचे पाचही नेमबाज परत पाठवले. वेझिनाच्या हिशेबात ते धरत नाहीत. मीही धरलेले नाही. पण ते बघितलेल्या माणसाने तटस्थ राहावे ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

आता फ्यूर. त्याचे आकडे कोरडेपणाने वाचले तर खरेच काही हाती लागत नाही: सरासरी 3.43 गोल, टक्केवारी 88.1. त्या वर्षी लीगचीच टक्केवारी 88च्या आसपास होती. एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सातहून अधिक गोल व्हायचे. म्हणजे 3.43 हा आकडा आज वाटतो तेवढा वाईट नव्हता, आणि तरीही तो सरासरीहून फार चांगला नव्हता. त्याच हंगामात माँट्रियलच्या पॅट्रिक रुआने 90 टक्के केले होते. मग फ्यूर का? कारण वेझिना मतांवर दिली जाते, आणि मते असतात संघांच्या जनरल मॅनेजरांची. त्यांनी पाहिले की हा माणूस 75 सामने खेळला, 40 जिंकला, तेही एडमंटनसाठी, जिथे पाचही जण गोल करायला पुढे धावायचे आणि मागे दोनास एक असे येणारे हल्ले फ्यूरच्या वाट्याला यायचे. टक्केवारी दुरून आलेला सरळ पक (बर्फावरच्या हॉकीत चेंडूऐवजी वापरायची चकती) आणि गोलच्या तोंडावरून मारलेला पक यांना एकच गुण देते. इथे मॅनेजरांच्या डोळ्यांना मी थोडे मानतो. पूर्ण नाही. माझे मत रुआला गेले असते.

प्रश्न : जुन्या काळातल्या जाक प्लांतच्या नावावर 7 वेझिना, हाशेकच्या नावावर 6. मग वाद कसला?

उत्तर : वाद नाहीच, कारण हे दोन वेगळे पुरस्कार आहेत. नाव तेवढे एक.

माँट्रियलचा गोलरक्षक जॉर्ज वेझिना नोव्हेंबर 1925 मध्ये सामन्यातच कोसळला आणि पुढच्या मार्चमध्ये क्षयाने गेला. त्याच्या आठवणीत 1926-27 पासून ही ट्रॉफी सुरू झाली. तेव्हापासून 1980-81 पर्यंत ती सरळ मोजणीने मिळायची: ज्या संघाने सर्वांत कमी गोल खाल्ले, त्याच्या गोलरक्षकाला. मत नाही, चर्चा नाही. 1981-82 पासून मतदान आले आणि जुन्या मोजणीसाठी विल्यम जेनिंग्ज ट्रॉफी वेगळी काढली. प्लांतचे सातही पुरस्कार मोजणीचे, हाशेकचे सहाही मतांचे.

मोजणीच्या काळातली माझी आवडती गोष्ट 1973-74ची. फिलाडेल्फियाचा बर्नी पेरेंट 73 सामने खेळला, 47 जिंकला, सरासरी 1.89. शिकागोच्या टोनी एस्पोझिटोचा हंगामही उत्तम. हंगाम संपला तेव्हा दोन्ही संघांच्या खात्यावर नेमके 164 गोल. ट्रॉफी दोघांत वाटली गेली. कुठल्या तरी फालतू सामन्यात, आधीच हरलेल्या खेळात, एखादा पक कुणाच्या स्केटला लागून आत गेला नसता तर आज ती एकट्याच्या नावावर असती.

मात्र प्लांतला यावरून कमी लेखू नका. 1961-62 मध्ये तो सगळेच्या सगळे 70 सामने खेळला आणि लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफीही घेऊन गेला. ती तेव्हाही मतांवरच मिळायची.

प्रश्न : जॉर्ज हेन्सवर्थचे 44 सामन्यांत 22 शटआऊट, सरासरी 0.92. याच्यापुढे हाशेक काय आणि बाकीचे काय?

उत्तर : 1928-29 मध्ये प्रतिस्पर्ध्याच्या क्षेत्रात पक पुढे पास करायला परवानगीच नव्हती. हल्ला करणाऱ्याने पक स्वतः नेत राहायचे, नाहीतर मागे द्यायचा. दोन्ही संघांचे मिळून सामन्याला तीन गोलही होत नसत. पुढच्याच हंगामात पास मोकळा केला आणि त्याच हेन्सवर्थची सरासरी अडीचच्या जवळ गेली, शटआऊट झाले 4. माणूस तोच, जाळेही तेच.

आणि त्या 22 शटआऊटच्या वर्षीही हार्ट ट्रॉफी त्याला मिळाली नाही. ती मिळाली न्यूयॉर्क अमेरिकन्सच्या रॉय वर्टर्सला, म्हणजे दुसऱ्याच गोलरक्षकाला.

प्रश्न : हरणाऱ्या संघाच्या गोलरक्षकाला कधी कुणी विचारले आहे का?

उत्तर : विचारले आहे. 1953-54 मध्ये वेझिना टोरोंटोच्या हॅरी लमलीला गेली, त्याने 13 शटआऊट केले होते. हार्ट गेली शिकागोच्या अल रॉलिन्सला. शिकागो तळाला होते, आणि रॉलिन्स त्या हंगामात 12 सामने जिंकून 47 हरला होता.