रोज खिशात ठेवायला झूमवाली टॉर्च कोणती घ्यावी आणि पावसाळ्यात ती टिकवायची कशी?

तुम्ही लिहिलंय की चाकणला कंपनीत दुसऱ्या पाळीला जाता, रात्री बाराच्या सुमारास बस फाट्यावर सोडते आणि तिथून वस्तीपर्यंत उसाच्या कडेने चालत यावं लागतं. झूमच्या दोन टॉर्च घेतल्या आणि दोन्ही पहिल्याच पावसाळ्यात आतून धुरकट झाल्या. आता तिसरी घ्यायची आहे, दीड हजारापर्यंत, आणि ती टिकली पाहिजे.

मी जुन्नर-आंबेगाव पट्ट्यात पशुधन पर्यवेक्षक म्हणून काम करतो. रात्री दोनला फोन येतो, 'गाय अडलीय, लगेच या'. गाडी रस्त्याला लावायची आणि बांधावरून गोठा शोधत जायचं. एकोणीस वर्षं टॉर्च माझ्या खिशात आहे. आमच्याकडे तिला बॅटरीच म्हणतात आणि आतल्याला सेल. त्यातल्या बऱ्याच मी झूमच्याच वापरल्या, आणि तुमच्या दोन टॉर्चचं जे झालं तेच माझ्या तीन टॉर्चचं झालं होतं. का झालं ते कळलं की निवड सोपी होते, म्हणून आधी तेच सांगतो.

सिरिंजचा दट्ट्या मागे ओढला की औषध आत येतं. झूमची टॉर्च म्हणजे जिचं मुंडकं, म्हणजे भिंगाचा पुढचा भाग, पुढे-मागे करून झोत लहान-मोठा करता येतो ती. तिचं मुंडकं म्हणजे तसाच दट्ट्या आहे. ते पुढे ओढलं की आतली पोकळी वाढते आणि बाहेरची हवा फटीतून आत खेचली जाते. मुंडकं आणि नळी यांच्या मध्ये एक रबरी कडी असते, ओ-रिंग. ती नवी आणि ओलसर ग्रीसमध्ये असेल तर तग धरते. पण पावसात त्या फटीवर पाण्याचा थर बसलेला असतो. तुम्ही मुंडकं ओढता तेव्हा हवेच्या आधी ते पाणी आत जातं. दुसरी गोष्ट उष्णतेची. टॉर्च दहा मिनिटं चालून तापते, आतली हवा फुगून बाहेर पडते. मग बंद करून ओल्या खिशात टाकली की ती गार होते आणि पुन्हा बाहेरची दमट हवा आत ओढते. आषाढात एका गोठ्याबाहेर उभा राहून मी झोत लहान-मोठा करत शेतकऱ्याचं घर शोधत होतो. आत जाऊन वासराचे पाय बघायला खाली वाकलो तर भिंगाच्या आतल्या बाजूने वाफ धरलेली. तेव्हा कंदिलावर काम उरकलं, पण गाईला त्या रात्री जास्त वेळ त्रास झाला, आणि ते मला अजून लागतं.

म्हणून खोक्यावर आयपीएक्स७ (टॉर्च पाणी किती सोसते त्याचा दर्जा) लिहिलेलं दिसलं तरी त्यावर सगळा भरवसा टाकू नका. ७ म्हणजे एक मीटर पाण्यात तीस मिनिटं. पण त्या चाचणीत टॉर्च पाण्यात नुसती ठेवलेली असते, तिचं मुंडकं कोणी मागेपुढे करत नाही. सरकत्या मुंडक्याच्या बऱ्याच टॉर्चवर आयपीएक्स४ असतं, म्हणजे चहूबाजूंनी उडालेलं पाणी सोसेल, डबक्यात पडणं नाही. एक्सचा अर्थही लक्षात ठेवा. धुळीची चाचणी केलेली नाही, असं तो एक्स सांगतो.

आता निवडीकडे. लोक दुकानात झोत किती लांब जातो ते बघून टॉर्च घेतात. मी उलटं सांगेन, तिचा पसरट उजेड बघून घ्या. चालताना तुम्हाला नव्वद टक्के वेळ तोच लागणार आहे. झूमच्या टॉर्चमध्ये एलईडीपुढे एक फुगीर भिंग असतं. भिंग एलईडीजवळ असलं, म्हणजे मुंडकं मिटलेलं असलं, की उजेड पसरतो. भिंग पुढे गेलं की झोत आवळतो आणि भिंतीवर एलईडीचा चौकोनी ठसा उमटतो. पण दूर गेलेल्या भिंगाला समोरचाच उजेड पकडता येतो. बाजूला जाणारा नळीच्या आतच अडकून वाया जातो. म्हणजे आवळलेला झोत लांब जातो खरा, पण एकूण उजेड कमी झालेला असतो, आणि त्या चौकोनाच्या बाहेर तुमच्या पायाशी काळोख असतो. पायाशीच घोणस असते.

हे मी भीती घालायला सांगत नाही. घोणस, मण्यार, फुरसे ही रात्री फिरणारी जनावरं आहेत आणि तुमची वाट उसाच्या कडेची आहे. पाचटात पडलेली घोणस निळसर पांढऱ्या उजेडात अजिबात उठून दिसत नाही, तिच्या अंगावरचे ठिपके आणि वाळलेली पानं एकच होऊन जातात. त्यासाठी उजेडाचा रंग बघा. तो केल्व्हिनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. खोक्यावर ४००० ते ५००० केल्व्हिन लिहिलेलं असलं तर उत्तम. ६५०० च्या पुढचा उजेड डोळ्यांना प्रखर वाटतो, पण त्यात रंग मरतात. सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, ९० किंवा जास्त असेल तर आणखी चांगलं. मला हे कामातून कळलं. गाईच्या डोळ्याची पापणी उलटून आतला पडदा फिका आहे की पिवळा, हे बघायचं असतं. निळ्या उजेडात फिका पडदा आणि किंचित पिवळा पडदा सारखेच दिसतात, आणि त्यावर माझा उपचार ठरतो. दुकानात स्वतःचा तळहात उजेडात धरून बघा. कातडीचा लालसरपणा दिसला तर ती टॉर्च घेण्यासारखी.

दुसरी परीक्षा भिंतीवर. तीन-चार मीटरवरून पसरट उजेड टाका. वर्तुळ कडेपर्यंत एकसारखं हवं, मध्ये काळा डाग किंवा गडद कडी नको. माझ्या आजोबांच्या तीन सेलच्या पितळी बॅटरीचं मुंडकं फिरवलं की झोत बदलायचा, पण मोठा केला की मधोमध काळं भोक पडायचं. १९७९ साली आलेल्या अमेरिकन मॅगलाइटलाही तसंच व्हायचं, कारण या दोन्हींत बल्ब आणि आरसा यांच्यातलं अंतर बदलतं. भिंगाच्या झूमने ते भोक गेलं, हा त्याचा खरा फायदा. तो फायदाच तुमच्या हातातल्या टॉर्चमध्ये दिसत नसेल तर ती परत ठेवा.

मग मुंडक्याची चाल. एका हाताच्या अंगठ्याने सरकलं पाहिजे, पण टॉर्च उलटी धरून झटकली तर आपोआप सरकता कामा नये. सरकवण्याऐवजी पिळून झूम होणाऱ्या टॉर्चही मिळतात. त्यांना दोन हात लागतात, पण आटे असल्यामुळे फट घट्ट राहते आणि चाल हळू असल्याने पाणी एकदम खेचलं जात नाही. तुमच्यासारख्या पायी जाणाऱ्याला मी पिळायचीच सांगेन. मला एक हात कायम जनावरावर ठेवावा लागतो म्हणून मी सरकती वापरतो.

लुमेनच्या, म्हणजे एकूण उजेडाच्या, आकड्यांवर जाऊ नका. खिशात मावणाऱ्या टॉर्चवर पन्नास हजार लुमेन लिहिलेलं असेल तर तो आकडा खोटा आहे. '१८६५०' मापाच्या एका लिथियम सेलवर चालणाऱ्या टॉर्चमधून हजार-दीड हजार लुमेन निघाले तरी ते काही मिनिटंच, मग ती तापते आणि उजेड उतरतो. पायवाटेला शंभर लुमेन पुरतात. बघायचंच असेल तर एफएल१ या टॉर्चच्या चाचणीच्या मानकाप्रमाणे दिलेले आकडे बघा. त्यात झोताचं अंतर म्हणजे जिथे उजेड ०.२५ लक्सपर्यंत (लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचं माप) उतरतो ते अंतर, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका. म्हणजे '२०० मीटर' लिहिलं असलं तर दोनशे मीटरवर माणूस ओळखू येईल असं नाही, तिथे चांदणं पडेल एवढंच. आणि चालण्याचा वेळ सुरुवातीच्या उजेडाचा दहावा हिस्सा उरेपर्यंत मोजतात. कंदेला, म्हणजे झोताच्या तीव्रतेचा आकडा, दिला असेल तर त्याचं वर्गमूळ काढून दुप्पट करा, मीटर मिळतात. १०,००० कंदेला म्हणजे २०० मीटर.

लांब झोत लागतो तो एका कामाला. आमच्याकडे उसात बिबट्या असतो. फाट्यावर उतरल्यावर, चालायला लागायच्या आधी, उसाच्या कडेवरून आणि बांधावरून झोत एकदा सावकाश फिरवा. डोळे असतील तर चमकतात. कुत्र्याचे, मांजराचेही चमकतात, त्यामुळे घाबरून जाऊ नका, पण चमक दिसली तर तिथेच थांबा आणि घरी फोन करून कोणाला तरी बोलवा. झोत फिरवून झाला की मुंडकं मिटवा आणि पसरट उजेडात चाला. हे सगळं झूमचं काम पाऊस लागायच्या आत, बसच्या दारात किंवा छत्रीखाली उरकायचं. पावसात मुंडकं हलवायचंच नाही. ही एक सवय लावलीत तर तुमची तिसरी टॉर्च पहिल्या दोघींपेक्षा किती तरी जास्त टिकेल.

सेलबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण इथे फसवणूक जास्त आहे आणि धोकाही. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम सेल. त्यात ३५०० एमएएचच्या (सेलमध्ये वीज किती मावते त्याचं माप) आसपास मावतात, यापुढे फारसं नाही. त्यावर ९९०० छापलेलं दिसलं तर तो सेल घेऊ नका. चांगला सेल साधारण ४५ ग्रॅम भरतो. किराण्याच्या काट्यावर ठेवून बघा, २५-३० ग्रॅमचा निघाला तर आत काहीच नाही. जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल नवी वेष्टणं घालून विकतात, तेही टाळा. सुटा सेल किल्ल्या आणि नाण्यांबरोबर खिशात ठेवू नका, दोन्ही टोकं जोडली गेली तर तो पेट घेऊ शकतो. छोटी प्लास्टिकची डबी मिळते, तीत ठेवा. तुमच्या बजेटमधले पैसे आधी चांगल्या सेलला द्या आणि उरलेल्यात टॉर्च बघा. चार्जिंग करणं तुमच्याकडून विसरत असेल तर दोन पेन्सिल सेलवर चालणारी घ्या. ते फाट्यावरच्या टपरीतही मिळतात. मात्र महिनाभर वापर नसेल तर काढून ठेवा, साधे सेल फुटून पाझरतात. अल्कलाइन पाझरला असेल तर तो पांढरा थर व्हिनेगर किंवा लिंबाच्या थेंबाने पुसा, मग कोरड्या फडक्याने, आणि पूर्ण सुकल्यावरच नवे सेल घाला.

खिशात टॉर्च आपोआप लागते आणि मांडीला चटका बसेपर्यंत कळत नाही. मागचं झाकण पाव फेरा सैल करून ठेवा. आट्यांवर काळा किंवा रंगीत मुलामा असेल तर एवढ्याने वीज तुटते. दुकानातच करून बघा.

आता निगा. मुंडकं मिटवूनच खिशात घाला. उघडं राहिलं तर पडल्यावर तेच वाकतं, आणि आतला चकचकीत भाग भुसकट, माती गोळा करतो. ती माती पुढच्या वेळी ओ-रिंगवर घासते. मी वर्षातून दोनदा टॉर्च खोलतो, एकदा मृगाच्या आधी आणि एकदा पोळ्याच्या सुमारास. जुन्या टूथब्रशने आटे आणि सरकता भाग झाडायचा, सुती फडक्याने पुसायचा, आणि ओ-रिंगवर सिलिकॉन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवायचा. वॉटर प्युरिफायर दुरुस्त करणाऱ्यांकडे हे ग्रीस असतं. खोबरेल तेल लावू नका, ते चिकट होऊन मातीच धरतं. व्हॅसलीनने काही प्रकारचं रबर फुगतं, आणि आपलं रबर कोणतं ते आपल्याला माहीत नसतं. ओ-रिंग चपटी झाली असेल किंवा तिला चीर असेल तर हार्डवेअरच्या दुकानात टॉर्च घेऊन जा आणि त्याच मापाची बदला. काही रुपयांचं काम आहे. भिंग प्लास्टिकचं असेल तर कोरडं पुसू नका, आधी पाण्याने धूळ घालवा. सासरी-माहेरी कोकणात जाणं असेल तर आल्यावर बाहेरून गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, खाऱ्या हवेने ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते.

उन्हाचं मात्र विसरू नका. मी एकदा मुंडकं उघडी टॉर्च गाडीच्या डॅशबोर्डवर सोडली होती, भिंग काचेकडे करून. भिंगाने ऊन नेमकं एलईडीवर गोळा केलं, त्यावर तपकिरी डाग पडला आणि उजेड कायमचा निम्मा झाला. तापलेल्या गाडीत लिथियम सेलचंही आयुष्य घटतं.

तुमच्या जुन्या दोन टॉर्च टाकल्या नसतील तर एक करून बघा. सेल काढा, पुढचं-मागचं झाकण उघडा, बुटांच्या खोक्यात मिळणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट डब्यात दोन दिवस ठेवा. चुलीजवळ किंवा तांदळात नको. मग भिंगातून एलईडीकडे बघा. पिवळा ठिपका स्वच्छ असेल आणि स्प्रिंगला हिरवा गंज नसेल, तर ओ-रिंग बदलून ती टॉर्च घरात वापरता येईल. माझी एक अशीच सुकवलेली टॉर्च चार वर्षं झाली, आईच्या उशाशी आहे.