बाबांच्या फाईलबद्दल

प्रिय बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाबांच्या अपंगत्व पेन्शनसाठी तू लिहिलेला अर्जाचा मसुदा वाचला. सियाचीनची थंडी, आईने एकटीने काढलेली वर्षं, सगळं खरं आहे. मी तुझ्या बाबांबरोबर तिथे होतो. पण अर्ज तपासणारा एकच गोष्ट शोधणार: बाबांचा हा रक्तदाब सेवेमुळे जडला किंवा सेवेने वाढला, हे कुठल्या कागदावर दिसतं? तुझ्या तीन पानांत तो कागदच नाही.

आधी भरतीच्या वेळचा वैद्यकीय तपासणीचा कागद मिळव. जवानांची कागदपत्रं ठेवणाऱ्या सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसला लिही. दाद दिली नाही तर माहिती अधिकारात माग. त्यात आजाराची नोंद नसली की त्या कोऱ्या रकान्याचं मोल मोठं. धरमवीर सिंग यांचा निकाल नीट वाच. सैन्याच्या सिग्नल्स म्हणजे संदेशवहन दलातला शिपाई, १९८५ साली भरती, १९९४ साली अपस्मारामुळे घरी. मेडिकल बोर्डाने, म्हणजे तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने लिहिलं, सेवेशी संबंध नाही. का नाही, ते लिहिलं नाही. २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, भरतीच्या वेळी नोंद नसेल तर आजार सेवेत जडला असं गृहीत धरायचं. तसं नाही हे दाखवायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही आणि बोर्डाने कारणं द्यायला हवीत. म्हणून निवृत्तीच्या वेळचं बोर्ड वाचताना टक्केवारीआधी कारणाचा रकाना बघ. हा आजार भरतीच्या तपासणीत कळणंच शक्य नव्हतं, असं बोर्डाने कारणांसह लिहिलं असेल तर मात्र वाट कठीण होते.

बाबा २०१९ साली बाहेर पडले, म्हणून त्यांना या पेन्शनचे २००८ चे नियम लागतात. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम आले आहेत. मोबाईलवर कुणी पाठवलेला नमुना अर्ज त्या नियमांचा असेल तर तो वापरू नकोस.

आता सर्वात महत्त्वाचं काम. एका कागदावर बाबांच्या सगळ्या पोस्टिंग तारखांसह मांड आणि शेजारी प्रत्येक इस्पितळ, प्रत्येक मेडिकल कॅटेगरी (तब्येतीनुसार मिळालेली श्रेणी). ‘आजार पीस स्टेशनला (शांत भागातल्या छावणीत) सुरू झाला’ एवढ्यावर कितीतरी दावे फेटाळलेले मी पाहिलेत. पण फील्डवरून, म्हणजे सियाचीनसारख्या तैनातीवरून उतरल्यावर किती महिन्यांनी तो पहिल्यांदा सापडला, हे त्या मांडणीतच दिसतं. बाबांना विचारशील तेव्हा सबुरीने विचार. कॅटेगरी खाली गेली तर बढती अडकते, म्हणून आम्ही पुष्कळांनी डोकेदुखी लपवली. ते लगेच कबूल करणार नाहीत. पण त्यांनी सांगितलेली तारीख कागदाशी जुळत नसेल तर ती अर्जात घालू नकोस. एक खोटी तारीख सापडली की खऱ्या दहांवरही विश्वास उरत नाही.

गावी सुट्टीत ट्रॅक्टरवरून पडून दुखावलेला खांदा यात आणू नकोस. त्याचा सेवेशी संबंध नाही.

बोर्डाने बाबांना ३० टक्के अपंगत्व दिलंय. किमान २० लागतात, तेव्हा ती अट भागते. मंजूर झालं तर राउंडिंगने ३० चे ५० धरले जातात. राम अवतार यांच्या खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने हा लाभ पूर्ण सेवा करून निवृत्त झालेल्यांनाही मिळाला, तोही मागायला विसरू नकोस. अर्ज आणि त्यावरचं अपील फेटाळलं तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. आणखी उशीर करू नकोस, थकबाकीला कात्री लागू शकते.

रविवारी मी येतो. बाबांची काळी ट्रंक उघडून ठेव. इस्पितळाच्या जुन्या डिस्चार्ज स्लिपा त्यात असतील.

तुझा,
काका