इंडो-झांबिया बँकेत पगार जमा होणार असेल तर

मुलाला झांबियात कित्वेला नोकरी लागली, कंपनीने पगाराचं खातं इंडो-झांबिया बँकेत उघडायला सांगितलं, आणि तुमचा प्रश्न असा की आपल्याच तीन बँका आणि वर तिथलं सरकार मालक, म्हणजे पैसा बुडायची भीती नाही ना? शिवाय पुण्यात बँक ऑफ बडोदाच्या शाखेतून पैसे काढता येतील का? आधी मुलाचं अभिनंदन. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात: नाही. पहिल्याला जरा वेळ लागेल.

ही बँक १९८४ची. बँक ऑफ बडोदा, बँक ऑफ इंडिया आणि सेंट्रल बँक ऑफ इंडिया यांचे प्रत्येकी २० टक्के, झांबिया सरकारचे ४०. भारतीय बाजू मिळून ६० होते खरी, पण सगळ्यात मोठा एकटा भागधारक झांबिया सरकारच. त्यात आपल्या तिन्ही बँकांमध्ये बहुतांश हिस्सा भारत सरकारचा. सयाजीराव महाराजांच्या पुढाकाराने १९०८ला बडोद्यात निघालेली एक आणि मुंबईच्या दोन, तिघींचं राष्ट्रीयीकरण १९६९ला झालं. म्हणजे दोन्ही अंगांनी सरकारंच, फक्त वेगवेगळ्या देशांची.

मी मुंबईत एका सरकारी बँकेच्या परकीय चलन विभागात बरीच वर्षं काढली. काउंटरवर येणाऱ्यांचा गोंधळ नेहमी इथेच व्हायचा. भागधारक म्हणजे हमीदार नव्हे. भागधारकाची जोखीम त्याने घातलेल्या भांडवलापुरती असते, तुमच्या ठेवीची जबाबदारी आपोआप त्याच्यावर येत नाही. ही बडोदा बँकेची शाखा नाही, झांबियाच्या राजधानीत, लुसाकात नोंदलेली स्वतंत्र कंपनी आहे. परवाना बँक ऑफ झांबियाचा, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेचा, कायदा तिथला. आपल्याकडचं ५ लाखांचं ठेव विमा संरक्षण भारताबाहेर स्वीकारलेल्या ठेवींना लागू होत नाही.

मग सरकारचा काहीच उपयोग नाही का? आहे. अशी बँक डळमळली तर दोन देशांच्या अब्रूचा प्रश्न होतो, त्यामुळे एरवीपेक्षा लवकर हालचाल होईल असं मला वाटतं. पण ते वाटणंच, लेखी हमी नाही. आणि याच झांबिया सरकारने नोव्हेंबर २०२०मध्ये डॉलर रोख्यांवरचं व्याज थकवलं होतं, हेही ध्यानात ठेवा. १९९५ला तिथली मेरिडियन बिआओ ही खासगी बँक बुडाली, तेव्हा मध्यवर्ती बँकेने पैसा ओतूनही ती वाचली नाही. महिन्याच्या पगारासाठी, घरभाड्यासाठी मी इंडो-झांबियात निर्धास्त खातं उघडेन. चार वर्षांची सगळी पुंजी तिथे ठेवू का, तर नाही. कुठल्याच एका बँकेत ठेवणार नाही.

खरी चिंता मात्र बँकेची नाही, क्वाचाची आहे. तांब्याच्या भावावर नाचणारं झांबियाचं चलन. २०२१च्या मध्याला डॉलरला साधारण २२ क्वाचा पडत होते, ऑगस्टच्या निवडणुकीनंतर काही आठवड्यांतच १६-१७वर आले, आणि २०२४ला पुन्हा २५च्या पुढे. मालक कितीही भक्कम असला तरी ही झीज तो भरून देत नाही. म्हणून पगार डॉलरमध्ये ठरलाय की क्वाचात, हे नेमणूकपत्रात आधी बघा. क्वाचात असेल तर दर कधी आणि कशाने बदलणार, तेही विचारा. शक्य असेल तर तिथेच डॉलर खातंही उघडावं. डॉलर बाहेर पाठवायला पूर्वीसारखी चलन नियंत्रणं नाहीत, ती १९९४लाच गेली.

पैसे इथे आणायचे ते स्विफ्टने (बँकांचं आंतरराष्ट्रीय संदेशजाळं), थेट मुलाच्या एनआरई खात्यात, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या परदेशी कमाईच्या खात्यात. डॉलर बहुधा न्यूयॉर्कच्या एखाद्या बँकेतून फिरून येतात आणि ती मधली बँक आपलं कमिशन कापते. फॉर्मवर खर्च कोणाचा यासाठी तीन पर्याय असतात: सगळा पाठवणाऱ्याचा, सगळा घेणाऱ्याचा, किंवा वाटून. लोक 'वाटून'वर खूण करतात आणि मग इथे येऊन भांडतात की हजार पाठवले आणि पंचवीस-तीस डॉलर कमी कसे आले. हा खर्च दर खेपेला लागतो, रक्कम लहान असो की मोठी. तेव्हा दर महिन्याला थोडे पाठवण्यापेक्षा तीन महिन्यांचे एकदम पाठवलेले परवडतात. पण क्वाचा घसरायला लागला असेल तर थांबू नका, कमिशन गेलं तरी चालेल.

निघायच्या आधी त्याचं इथलं साधं बचत खातं एनआरओ (अनिवासींचं, इथल्या रुपयांतल्या उत्पन्नासाठीचं) करून घ्या. लोक हे वर्षानुवर्षं टाळतात आणि केवायसीच्या वेळी अडकतात. आणि भारतातला मोबाइल नंबर बंद करू देऊ नका, ओटीपी त्यावरच येणार. तिथलं सिम चालू झालं की बँकेत परदेशी नंबर नोंदवून घ्यायचा, आणि नंतरच जुन्याचं काय ते ठरवायचं.