नवशिक्यासाठी हलकी, साधी छऱ्याची बंदूक कोणती घ्यावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पन्हाळ्याकडे शेती आहे, बंदूक आजवर हातात धरलेली नाही, वजनाला हलकी आणि वापरायला साधी छऱ्याची बंदूक (शॉटगन, एअरगन नव्हे) घ्यायची आहे, आणि माळावर ससा-तित्तरासारखं लहान सावज मारायचं आहे.

शेवटचा मुद्दा आधी निकालात काढतो. ससा, तित्तर, लावा, भेकर, मोर, यातलं काहीही मारता येत नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. शेत तुमचं आणि परवाना तुमचा असला तरी. दाजीपूरचं रान एके काळी संस्थानाचं शिकारीचं राखीव होतं, तेसुद्धा 1958 पासून अभयारण्य आहे. रानडुकरं उसाची नासाडी करत असतील तर आधी वनखात्याची लेखी परवानगी, मग बार. तेव्हा बंदूक घ्यायची ती रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या फोडायला किंवा पिकाच्या राखणीला. पुढचं सगळं तेवढंच धरून लिहितो.

आता 'हलकी'. नवशिक्याची पहिली चूक याच शब्दात आहे. हलकी बंदूक खांद्यावर टाकून बांधावरून फिरायला बरी, पण बार काढताना तीच खांदा फोडते. एकच काडतूस 3.2 किलोच्या बंदुकीतून उडवलं आणि मग 2.5 किलोच्या एकनळीतून उडवलं, तर दुसऱ्या वेळी मागे येणाऱ्या धक्क्याची ऊर्जा साधारण 28 टक्के जास्त असते. दहा-बारा बार झाले की माणूस चाप ओढण्याआधीच डोळे मिटायला लागतो, आणि ही सवय एकदा लागली की मोडायला महिने जातात. बंदूकवाल्यांचा जुना हिशोब आहे: काडतुसात जेवढे ग्रॅम छरे, त्याच्या 96 पट बंदुकीचं वजन हवं. 28 ग्रॅमला 2.7 किलो, 32 ग्रॅमला 3.1 किलो. म्हणून धक्का कमी करायचा तर बंदूक नव्हे, काडतूस हलकं घ्या. 32 ऐवजी 24 ग्रॅमचं घेतलं, बाकी वेग तोच, तर धक्का 40 टक्क्यांच्या आसपास कमी होतो. ऑलिंपिकच्या ट्रॅप या तबकड्या फोडण्याच्या प्रकारातही 24 ग्रॅमच चालतं, त्यामुळे ते 'पोरांचं काडतूस' आहे असं कुणी म्हटलं तर मनावर घेऊ नका.

माझी पसंती सरळ आहे: बारा बोअर (बोअर म्हणजे नळीच्या जाडीचं माप, आकडा मोठा तशी नळी बारीक), शेजारी-शेजारी नळ्यांची दुनळी, 3 ते 3.2 किलो, नळी 28 इंच, चेंबर (नळीत काडतूस बसायची जागा) 70 मिमी, दोन चाप.

बारा बोअर का, तर दुकानात हमखास मिळतं ते याचंच काडतूस. वीस बोअर अंगाने सडपातळ माणसाला खरंच छान, पण काडतुसासाठी वणवण होते. आणि घरात दोन्ही बोअर असतील तर एक जीवघेणा घोळ होतो. वीसचं काडतूस चुकून बाराच्या नळीत गेलं तर ते चेंबरमधून घसरून पुढे नळीत अडकतं. बघणाऱ्याला चेंबर रिकामं दिसतं. तो वरून बाराचं भरतो, चाप ओढतो आणि नळी डाव्या हाताजवळ फुटते. वीसची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी. .410 ची, म्हणजे वीसहूनही बारीक नळीची, चिमुकली बंदूक 'शिकायला बरी' म्हणून गळ्यात मारतात, घेऊ नका. तिच्यात छरे इतके थोडे की नेम बसलेल्या माणसाचीही परीक्षा बघते, नवशिक्याची तर हिंमतच खचते.

एकनळी साधी दिसते, पण तिचा घोडा (काडतुसावर ठोका देणारा भाग) बहुधा बाहेर असतो. घोडा चढवला आणि बार काढायचा नाही असं ठरलं, की भरलेल्या काडतुसावर तो अंगठ्याने हळूच उतरवावा लागतो. पावसात भिजलेल्या किंवा घामट अंगठ्याखालून तो सटकतो. आजच्या दुनळीत घोडे आत असतात, वर सेफ्टी (चाप अडवणारी कळ) असते, आणि बंदूक मधून मोडली, म्हणजे बिजागरीवर उघडली, की भरलेली आहे की रिकामी हे चार हातांवरच्या माणसालाही दिसतं. मला याहून साधी रचना माहीत नाही. पंप अॅक्शन (पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरणारी) हे नवशिक्याचं काम नाही. दोन चापांचा फायदा असा की पुढचा ओढला की उजवी, तोंडाशी मोकळी नळी उडते. मागचा ओढला की डावी, आवळलेली. जवळचं आणि लांबचं, निवड बोटावर.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाची आवळण. पूर्ण चोक असेल तर 40 यार्डांवर 30 इंचांच्या वर्तुळात सुमारे 70 टक्के छरे बसतात, आवळण नसेल तर 40 टक्के. नवशिक्याला उजवीकडे इम्प्रूव्हड सिलिंडर (अगदी थोडी आवळण) आणि डावीकडे मॉडिफाइड (मध्यम आवळण) पुरे. दोन्ही फुल चोक असलेली बंदूक जवळच्या तबकडीवर मूठभर पसरणच देते, आणि चुकलं की आपला नेमच वाईट असं वाटत राहतं.

दुकानात बंदूक रिकामी आहे हे स्वतः मोडून बघा. मग सुरक्षित दिशेला तोंड धरून, डोळे मिटून ती खांद्याला लावा आणि डोळे उघडा. टोकावरचा मणी दोन नळ्यांमधल्या पट्टीच्या मधोमध, जरासा वर दिसला पाहिजे. मान वाकवून शोधावा लागत असेल तर दस्ता (खांद्याला लागणारा मागचा लाकडी भाग) तुमच्या मापाचा नाही. नाक आणि अंगठा यांत दोन-तीन बोटांचं अंतर हवं. कमी असेल तर पहिल्याच बाराला अंगठा नाकावर आपटतो. दस्ता लांब असेल तर सुतार तासून देतो, आखूड असेल तर मागे रबरी पॅड लागतो.

जुनी बंदूक घेत असाल तर जास्त वेळ इथे घालवा. पुढचा लाकडी भाग काढून नळ्या हलवून बघा. सांध्यात लुडबुड जाणवली तर सोडून द्या. नळ्या उजेडाकडे धरून आतून बघा: खड्डे, पोचे, गंजाचे ठिपके. नळ्या आकड्याला टांगून पेन्सिलीने टिचकी मारा, घंटेसारखा आवाज यावा. बद्द आवाज म्हणजे पट्टीचं झाळकाम सुटलेलं. नळीवर पिळाची नक्षी दिसली तर ती दमास्कस (पट्ट्या पिळून जोडलेली जुनी नळी), तिच्यात आजचं काडतूस घालू नका. सगळ्यात फसवं चेंबर. जुन्या विलायती बंदुका बहुधा 65 मिमीच्या. काडतुसावर छापलेली लांबी ही उडून तोंड उलगडल्यानंतरची असते, त्यामुळे 70 चं न उडालेलं काडतूस 65 मध्ये आरामात बसतं, बंदूक बंदही होते. बार झाला की उलगडणाऱ्या तोंडाला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. 'बसलं म्हणजे चालतं' हे इथे खोटं.

परवान्याचं थोडक्यात. कोल्हापुरात पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे. वय 21 पूर्ण हवं. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो. शेतराखणीसाठी अर्ज केलात तर कायदा आधी ठासणीची (तोंडातून दारू आणि छरे भरायची) बंदूक सुचवतो. ती अपुरी आहे हे पटवून द्यावं लागतं. नळी 20 इंचांपेक्षा कमी नको. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते, तेव्हा पावती जपा.

शिकायचं रेंजवर, प्रशिक्षकासमोर. मात्र तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे कोल्हापूरचं जे नाव झालं ते रायफल-पिस्तुलाचं. तिथे श्वास रोखून स्थिर राहायचं असतं. छऱ्याच्या बंदुकीत नळी फिरतीच ठेवायची असते. नळी थांबली की बार तबकडीच्या मागे जातो, ही नवशिक्यांची दोन नंबरची चूक.

राखणीला उभे राहणार असाल तर छऱ्याचा पल्ला डोक्यात ठेवा. 6 नंबरचे बारीक छरे साधारण 200 मीटर जातात, पण एलजी या प्रकारचे मोठे छरे 700 मीटरपर्यंत. उसात पलीकडे तोडकरी आहेत की कुणी पाणी पाजतंय हे दिसत नाही, म्हणून उसाच्या दिशेने आडवा बार कधीच नाही. बांध ओलांडताना बंदूक मोडून काडतुसं काढा. तोंड चिखलाला लागलं असं नुसतं वाटलं तरी नळीतून आरपार बघा. बोटभर चिखलानेही नळी फुगते.

पावसाळ्यात, विशेषतः गगनबावड्याकडे, बंदूक चामड्याच्या किंवा कापडी खोळीत ठेवू नका. खोळ ओल धरते आणि आठवड्याभरात नळीवर तांबूस ठिपके उठतात. चेंबरच्या बाजूने ब्रश घालून साफ करा, तेलाचा पातळ हात फिरवा आणि कुलपाच्या कपाटात खोळीशिवायच ठेवा. काडतुसं दुसऱ्या कुलपात.